बोटभर बर्फ, घरभर बर्फ

दर डिसेंबरात माझ्या फोनवर एक ठरलेला व्हिडिओ येतो. माणूस बदलतो, गाव बदलतं, व्हिडिओ तोच. कुणीतरी सकाळी उठून पडदा सरकवतं, "आईशप्पथ!" म्हणतं आणि कॅमेरा बाहेर वळवतं. रात्री झोपताना काळा असलेला रस्ता, शेजाऱ्याची गाडी, कुंपण, कचऱ्याचा डबा, सगळं एका रंगाचं झालेलं. मनालीला गेलेला मित्र पाठवतो, टोरांटोला नुकतीच गेलेली मावसबहीण पाठवते. फरक इतकाच की मित्र चार दिवसांत परत येतो आणि मावसबहीण तिथेच राहते. तिच्या तिसऱ्या हिवाळ्यात व्हिडिओ यायचे बंद झाले. मी विचारलं, तर म्हणाली, "अरे, पावणेआठला निघायचं असतं, त्याआधी अर्धा तास गाडी खणून काढायची असते. व्हिडिओ कोण काढणार?"

आपण अर्थातच पहिल्या गटातले. वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठलं की महाबळेश्वरचा फोटो पेपरात येतो. आपल्या भाषेत आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत हिमाला आणि गोळेवाल्याच्या लादीला बोलताना एकच शब्द आहे, बर्फ. ज्याच्याशी रोजचा संबंध नाही त्याला दोन शब्द कशाला हवेत?

बर्फ बघणारा आणि बर्फ उपसणारा यांच्यातल्या या अंतरावर जपानमधल्या एका कापड व्यापाऱ्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एक आख्खं पुस्तक लिहिलं. लिहिणं हा त्यातला सोपा भाग होता. ते छापून यायला त्याला साधारण चाळीस वर्षं लागली.

त्याचं नाव सुझुकी बोकुशी. जन्म 1770, गाव शिओझावा, प्रांत एचिगो. आजच्या नकाशावर हे निइगाता प्रांतातलं मिनामिउओनुमा. घरचा धंदा दोन प्रकारचा, गहाणवट आणि कापड. कापड म्हणजे 'चिजिमी', रॅमी नावाच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेलं, अंगाला न चिकटणारं, बारीक सुरकुत्यांचं उन्हाळी कापड. बोकुशी जपानी मोजणीने एकोणीस वर्षांचा असताना, म्हणजे 1788 च्या सुमारास, चिजिमीचे 80 तागे घेऊन एदोला विकायला गेला. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तेव्हा आपल्याकडे सवाई माधवरावांची पेशवाई चालू होती आणि एदोत दहा लाखांच्या आसपास माणसं राहत होती.

या फेरीत त्याला एक धक्का बसला. शिओझावा ते एदो हे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. मधे मिकुनी खिंड. पण खिंडीच्या अलीकडच्या लोकांना पलीकडच्या हिवाळ्याची काडीचीही कल्पना नव्हती. तो सांगायचा की आमच्याकडे घराच्या छपरापर्यंत बर्फ येतो, आणि ऐकणारे हसायचे. खेडवळ पोरगा, वाढवून सांगतोय.

त्यांचाही दोष नव्हता. एदोचा हिवाळा कोरडा, निळ्या आकाशाचा. बर्फ पडला तर बोटभर, फार तर वीतभर, आणि दोन दिवसांत गायब. तेवढ्यात हौशी लोक सुमिदा नदीकाठी 'बर्फ बघायला' जात. त्यासाठी वेगळा शब्दच होता, युकिमी. गरम साके, कविता, मैफल, चित्रं. हिरोशिगे या चित्रकाराचं 'कांबारा' हे चित्र तुम्ही नक्की कुठेतरी पाहिलं असेल, निदान वॉलपेपर म्हणून: रात्र, ढीगभर बर्फ, त्यातून वाकून चाललेली तीन माणसं. गंमत अशी की कांबारा हे गाव पॅसिफिकच्या किनाऱ्यावर आहे आणि तिथे बर्फ क्वचितच पडतो. चित्रकाराला वाटलं, इथे बर्फ शोभेल. त्याने पाडला.

दोनशे किलोमीटरांत हिवाळा इतका कसा बदलतो? हिवाळ्यात सायबेरियावरून हाडं गोठवणारी कोरडी हवा जपानच्या दिशेने सुटते. वाटेत जपानचा समुद्र लागतो आणि त्यात त्सुशिमा हा उबदार प्रवाह वाहत असतो. थंड हवा त्या कोमट पाण्यावरून जाताना भरपूर बाष्प पिऊन घेते. किनारा ओलांडल्यावर लगेच एचिगोचे डोंगर. हवा वर चढते, गार होते आणि सगळं ओझं तिथेच बर्फाच्या रूपात उतरवून टाकते. पलीकडे एदोकडे उतरते ती रिकामी, कोरडी. आपल्या सह्याद्रीसारखंच हे, महाबळेश्वर चिंब आणि वाईच्या पुढे माण-खटाव कोरडे. फक्त इथे पाण्याऐवजी बर्फ. शिओझावाचं अक्षांश साधारण 37, म्हणजे हे गाव रोमपेक्षाही दक्षिणेला आहे. याच पट्ट्यातल्या ताकादा शहरात 1945 च्या फेब्रुवारीत जमिनीवर 377 सेंटिमीटर बर्फ साचल्याची नोंद आहे. साध्या घराचा एक मजला त्यात बुडतो.

बोकुशी घरी परतला आणि त्याने टिपणं काढायला सुरुवात केली. धंदा सांभाळून, रात्री. माणूस काटकसरी आणि शिस्तीचा होता, त्याने घराची संपत्ती वाढवली, हायकू लिहिले, चित्रं काढली. घरात मात्र त्याच्याशी जमवून घेणं सोपं नसावं, सहा लग्नं झाली. सगळ्या जगाचं बारकाईने निरीक्षण करणारी माणसं घरच्यांना किती सोसवतात हा वेगळाच विषय आहे.

त्याने टिपलं काय? हिवाळा येण्याआधीची चिन्हं. दूरच्या शिखरांवर पांढरं दिसायला लागतं. मग समुद्राकडून घुमल्यासारखा आवाज येतो, डोंगराच्या पोटातूनही येतो. म्हातारी माणसं तो ऐकतात आणि कामाला लागतात. कोकणात पावसाळ्याची बेगमी करतात तशीच ही धावपळ. घराचे वासे-खांब तपासायचे, कमकुवत असेल तिथे टेकू लावायचे, बाहेरून बोरूच्या चटयांचं कुंपण घालायचं, बागेतल्या झाडांच्या फांद्या बांधून ठेवायच्या, नाहीतर बर्फाच्या वजनाने मोडतात. वर्षातले जेमतेम चार महिने बर्फ डोळ्यांना दिसत नाही, असा त्याचा हिशेब.

आणि मग ती रात्र. बोकुशी सांगतो की एका दिवस-रात्रीत सहा-सात शाकु बर्फ साचतो, म्हणजे सुमारे दोन मीटर. कधीकधी त्याहूनही जास्त. सकाळी उठून खिडकी उघडावी तर खिडकी उघडतच नाही. घरात अंधार. दिवस की रात्र ते कळत नाही, दुपारीही दिवा लावावा लागतो. छपरावरचा बर्फ काढला नाही तर घर खाली बसतं, म्हणून आधी वर चढायचं. अवजार म्हणजे बीच झाडाच्या लाकडाचं हलकं, रुंद फावडं, त्याला तिथे 'कोसुकी' म्हणत. एदोतले लोक बर्फ 'झाडतात', एचिगोतले 'खणतात'. बोकुशीला या क्रियापदाचं महत्त्व कळलं होतं. आपण गाळ उपसतो, विहीर खणतो, तसाच तिथे बर्फ खणायचा. दिवसभर खपून काढावा आणि रात्री पुन्हा तेवढाच पडावा.

काढलेला बर्फ टाकायचा कुठे? रस्त्यावर. त्यामुळे रस्ता घरांच्या आढ्यापर्यंत उंच होतो आणि समोरच्या घरी जायचं तर मधल्या ढिगातून बोगदा खणावा लागतो. ताकादासारख्या शहरांत यावर एक सुंदर तोडगा होता. प्रत्येक घरमालक आपल्या जागेतून घरासमोर छपराची ओसरी काढायचा, सगळ्यांच्या ओसऱ्या जोडल्या की गावभर झाकलेला पायरस्ता तयार. याला 'गांगी' म्हणतात, ताकादात तो आजही आहे. खाजगी जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने बांधलेला सार्वजनिक रस्ता. (आपल्या सोसायटीत दोन इमारतींमधल्या गेटवरून चालणारी भांडणं आठवून बघा.) याच ताकादाबद्दल एक आख्यायिका आहे की जड हिवाळ्यात वाटसरूंसाठी बर्फावर पाटी लावायचे, 'याच्या खाली ताकादा आहे'. किल्ल्यासमोर मोजपट्टीच्या खुणा केलेला एक उंच खांब उभा केलेला असे, बर्फ किती चढला ते बघायला.

बोकुशीने ऐकलेली एक हकिगत मला पुस्तकातली सगळ्यांत जड वाटते. एक तरुण शेतकरी, त्याची बायको आणि त्यांचं पहिलं तान्हं मूल. सून माहेरी जाऊन बाळ दाखवून येऊ देत, असं सासूसासऱ्यांनी म्हटलं. दिवस स्वच्छ होता. सासूने बाळाला नीट गुंडाळून दिलं, दोघं आनंदात निघाली. वाटेत वारा फिरला आणि हिमवादळ सुटलं. एचिगोचं वादळ म्हणजे वरून पडणारा आणि खालून उडणारा बर्फ एक होतो, दिशा राहत नाही, श्वास घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्या वाटेने जाणाऱ्या गावकऱ्यांना बाळाच्या रडण्याचा आवाज आला. आवाज बर्फाखालून येत होता. शोधताना बाईचे केस वर दिसले. खणलं तर नवराबायको एकमेकांना धरून गोठलेली. बाळ आईच्या कुशीत, तिच्या कपड्यांत, जिवंत.

बोकुशी हे सांगतो आणि मग उबदार प्रदेशातल्या लोकांकडे वळतो. तुम्ही बर्फाला फुलांची आणि रत्नांची उपमा देता, असा त्याचा सूर. त्याचा राग आरडाओरड्याचा नाही, व्यापाऱ्याचा आहे. हिशेब समोर ठेवतो.

पण मोठेपणा असा की तो बर्फाला नुसता खलनायक करत नाही. कारण त्याच्या घराची चूल बर्फावरच पेटत होती. चिजिमीचा तंतू केसासारखा बारीक, कोरड्या हवेत तुटतो. एचिगोत बर्फाने घर वेढलेलं असताना आतली हवा दमट राहते आणि मगच तो सूत म्हणून टिकतो. म्हणून हे काम हिवाळ्याचंच. बायका अंधाऱ्या घरात महिनोन् महिने मागावर बसत. मग हिवाळ्याच्या शेवटी, ऊन पडायला लागलं की तयार कापड शेतातल्या बर्फावर पसरायचं. वर ऊन, खाली बर्फ, आणि कापड हळूहळू पांढरंशुभ्र होतं. म्हणजे बर्फात काततात, बर्फात विणतात, बर्फाच्या पाण्यात धुतात, बर्फावर उजळवतात. आणि हे कापड वापरायचं कधी? भर उन्हाळ्यात. एदोतले सामुराई आणि सावकार उकाड्यात जे हलकं कापड घालून मिरवत होते, तो एचिगोचा हिवाळा होता. फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

या कापडाची किंमत कोण मोजत होतं, हेही बोकुशी नोंदवतो, आणि इथे तो व्यापारी असूनही प्रामाणिक राहतो. सून निवडताना रूप नंतर, आधी चिजिमीचा हात बघत. एका मुलीला पहिल्यांदाच उंची कापडाची मागणी आली. तिने जीव ओतून ते विणलं. उजळवून परत आलं तेव्हा त्यावर एक बारीकसा काजळीचा डाग दिसला. तिने तो बघितला, कापडात तोंड खुपसून रडली आणि तिचं डोकं फिरलं, ते कायमचं. दोन ओळींत सांगून तो पुढे जातो. ज्या धंद्यावर त्याचं घर उभं होतं, त्याच धंद्यातली ही गोष्ट.

आता छापण्याची कथा. तेव्हाही पुस्तकं एदोत किंवा ओसाकात छापली जात, आणि खेड्यातल्या माणसाचं नाव प्रकाशकाला चालायचं नाही. नामवंत लेखकाचा हात लागणं गरजेचं. 1790 च्या दशकाच्या अखेरीस बोकुशीने सांतो क्योदेन या लोकप्रिय लेखकाला टिपणं पाठवली. क्योदेनला आवडली, पण प्रकाशक म्हणाले, आधी पैसे भरा. बारगळलं. मग ताकिझावा बाकिन. तो क्योदेनची भीड म्हणून मागे सरला. मग ओसाकातला एक चित्रकार तयार झाला आणि वारला. एदोतला दुसरा चित्रकार तयार झाला, तोही वारला. 1816 मध्ये क्योदेनही गेला, तेव्हा बाकिन म्हणाला, आता मी करतो. बोकुशीने हुरूपाने नव्याने मजकूर, चित्रं, बर्फात वापरायच्या वस्तूंचे नमुने पाठवले. बाकिन तेव्हा आपली 'हाक्केन्देन' नावाची अवाढव्य कादंबरी लिहीत होता, जी पूर्ण व्हायला 1842 उजाडलं. वर्षं जात राहिली. दहा वर्षं उलटून गेली. पत्रांना उत्तर यायचं, पुस्तक यायचं नाही.

शेवटी क्योदेनचा धाकटा भाऊ क्योझान याने स्वतःहून विचारलं. बोकुशीने बाकिनकडे मजकूर परत मागितला. बाकिनने दिला नाही. साठीला आलेल्या माणसाने सगळं पुन्हा लिहून काढलं. 'सीन' करून उत्तर न देणाऱ्या संपादकाची तुम्हाला चीड येत असेल, तर बोकुशीचा फोटो खिशात ठेवायला हरकत नाही. फोटो अर्थात उपलब्ध नाही.

1836 मध्ये क्योझान आपल्या चित्रकार मुलाला, क्योसुईला घेऊन शिओझावाला आला आणि मुक्काम ठोकून राहिला. काळ वाईट होता, तेम्पो दुष्काळाची ही वर्षं. उन्हाळे थंड गेले, भात पिकला नाही, लोक उपाशी मरत होते. त्यातच 1837 मध्ये 'होकुएत्सु सेप्पु'चा पहिला भाग एदोत बाहेर पडला. होकुएत्सु म्हणजे उत्तरेकडचा एचिगो, सेप्पु म्हणजे बर्फाची नोंदवही म्हणा. पुस्तक तुफान चाललं, भाड्याने पुस्तकं देणाऱ्यांकडे त्यासाठी रांग.

पण सुरुवातीच्याच पानांत आहेत बर्फाच्या स्फटिकांची चित्रं. पस्तीस नाजूक षटकोनी नक्षी. ती बोकुशीची नव्हेत. कोगा संस्थानचा सरदार दोई तोशित्सुरा याला सूक्ष्मदर्शकाचा नाद होता. बाहेर गार करून ठेवलेल्या काळ्या कापडावर हिमकण झेलायचा आणि डच बनावटीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून रेखाटायचा. 1832 मध्ये त्याने 86 आकृत्यांचं पुस्तक छापलं. (त्याच वर्षी इकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं.) ते पुस्तक मोजक्या लोकांपर्यंतच पोहोचलं होतं, 'होकुएत्सु सेप्पु'मुळे त्या आकृत्या घराघरात गेल्या. एदोत किमोनोवर, चहाच्या भांड्यांवर हिमकणांची नक्षी ही फॅशन झाली.

म्हणजे बघा. एका माणसाने चाळीस वर्षं खटपट करून सांगितलं की बर्फ सुंदर वगैरे ठीक आहे, पण तो माणसं मारतो. आणि एदोकरांनी त्यातून उचललं काय, तर डिझाइन. हा दोई तोशित्सुराही मोठा चमत्कारिक माणूस. 1837 मध्येच, हे पुस्तक आलं त्याच वर्षी, ओसाकात ओशिओ हेइहाचिरो याने भुकेल्या लोकांच्या बाजूने बंड केलं, आणि ते मोडून काढलं गेलं तेव्हा शहराचा कारभारी होता दोई. पाकळी न मोडता हिमकण उचलणारा हात तोच.

मला हे निव्वळ अपयश मात्र वाटत नाही. हिमकण बघायला आलेल्या वाचकाला पुढच्या पानांवर ते दांपत्य भेटतच होतं. दुसरा भाग 1841 च्या सुमारास आला, आणि 1842 मध्ये बोकुशी वारला.

त्यानंतर एदोने, म्हणजे तोक्योने, बर्फाच्या प्रदेशाकडे पुन्हा पाहिलं ते रेल्वेमुळे. 1931 मध्ये डोंगराखालून शिमिझु बोगदा खुला झाला. त्या गाडीतून यासुनारी कावाबाता शिओझावाशेजारच्या युझावाला गेला आणि 'युकिगुनी' लिहिली. त्यातला चिजिमीचा भाग त्याने बोकुशीच्या पुस्तकावरून घेतला आहे. 1968 मध्ये कावाबाताला नोबेल मिळालं. शिओझावाच्या व्यापाऱ्याला नामवंताचा हात लागला तो असा, सव्वाशे वर्षांनी.

बोकुशीचा राग मात्र कादंबरीत गेला नाही, तो राजकारणात गेला. निइगाताचा तानाका काकुएई 1946 च्या निवडणुकीत सांगत फिरत असे की मिकुनी खिंड डायनामाइटने उडवून द्या, म्हणजे वारा थेट पलीकडे जाईल आणि आपल्याकडे बर्फ पडणार नाही. निघालेली माती समुद्रात टाका, सादो बेट जमिनीला जोडा. ऐकणारे हसले असतील, पण कशावर बोट ठेवलंय ते त्यांना कळत होतं. तो ती निवडणूक हरला, आणि 1972 मध्ये पंतप्रधान झाला. खिंड जागेवरच राहिली, तिच्या रांगेखालून 22 किलोमीटरचा बोगदा गेला आणि 1982 मध्ये निइगाताला शिनकानसेन पोहोचली. आज तोक्योहून, जिथल्या एदोगावा भागात आपल्याकडची बरीच आयटी कुटुंबं राहतात, सव्वा तासात युझावाला उतरता येतं. स्कीइंग करायचं, फोटो काढायचे, रात्री परत.

निइगातात रस्त्यांच्या मधोमध नळ्या आहेत, त्यांतून कोमट भूजलाचे फवारे उडतात आणि बर्फ वितळतो. पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबूस झालेत. छपरांवर मात्र फवारे नाहीत. 2005-06 च्या हिवाळ्यात त्सुनान गावात 416 सेंटिमीटर बर्फ साचला. तिथून वर असलेली आकियामा दरी, जिथे बोकुशी 1828 मध्ये पायी हिंडला होता, रस्ता बंद होऊन जगापासून तुटली. त्या एका हिवाळ्यात जपानमध्ये बर्फाने 152 माणसं गेली. बहुतेक पासष्टीच्या पुढची होती, आणि बहुतेक बर्फ काढताना गेली. तरुण माणसं डोंगराच्या अलीकडे, कोरड्या हवेच्या शहरात नोकरीला. छपरावर फावडं घेऊन चढायला म्हातारेच उरले होते, आणि सकाळी उठून पाहिलं तर रात्री पुन्हा तेवढाच पडलेला होता.